नवी पिल्लं जुन्या कोंबड्यांत कशी मिसळावी

गिरिराज किंवा वनराज या परसात पाळायच्या सुधारित जातींची पिल्लं आणली की ती लगेच परसात सोडावीशी वाटतात. सोडू नका. आधी कोण खाणार, दांडीवर कोण कुठे बसणार हे जुन्या कोंबड्यांत ठरलेलं असतं. परकं पिल्लू दिसलं की त्या टोचतात, आणि रक्त दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात.

घरात खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी असेल तर नशीबच म्हणायचं. एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवा, अंडी काढून घ्या. पहाटे मात्र उठून बघाच. टोचत असेल तर पिल्लं लगेच उचला. तिने पंखाखाली घेतली की पुढची राखण तीच करते.

खुडूक नसेल तर दिव्याची ऊब द्या : पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. पिल्लं दिव्याखाली दाटली तर थंडी आहे, चोची उघडून लांब पळाली तर उकडतंय. मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस पिल्लं ५ ते ७ दिवसांची असताना टोचून नाही, डोळ्यात थेंब टाकून देतात.

सहाव्या आठवड्यापासून खुराड्यातच मध्ये जाळी लावा. दिसावं, पण चोच पोचू नये. पंधरा दिवस तरी असंच राहू द्या. माझ्या मते सगळ्यात जास्त घाई इथेच होते आणि पिल्लं इथेच जातात.

मग एका संध्याकाळी, तुम्ही घरी असताना, जाळी काढा. एकटं पिल्लू कधीच सोडू नका. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. एक डालगं विटांवर असं उचलून ठेवा की खालून पिल्लू शिरेल, कोंबडी नाही.

खाद्याकडे लक्ष हवं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना जास्त असतो, तो पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतो. म्हणून सगळ्यांना ग्रोवर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य द्या आणि मोठ्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. पिल्लं त्याला फारसं तोंड लावत नाहीत.

थोडी टोचाटोची होणारच, मध्ये पडू नका. रक्त आलं तर मात्र जखमी पिल्लू बाजूला घ्या. एखादी कोंबडी रोजच मागे लागत असेल तर तिलाच तीन-चार दिवस दूर, नजरेआड कोंडा. परत आल्यावर तिला स्वतःचीच जागा नव्याने मिळवावी लागते आणि पिल्लांकडे बघायला तिला वेळ उरत नाही.