कंबोडियाच्या पहाटबाजारात ख्मेर गोडधोड कसे चाखावे

कंबोडियात गोड पदार्थांची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर हॉटेलातील न्याहारी एखाद्या दिवशी सोडून पहाटे साडेपाच-सहाला स्थानिक बाजारात हजर व्हावे. बाजाराला तेथे ‘प्सार’ म्हणतात. काही गाडे संध्याकाळीही लागतात. परंतु ख्मेर, म्हणजे कंबोडियन, गोडाचा जीव नारळाच्या दुधात असतो आणि त्या दमट उष्ण हवेत सकाळी काढलेले दूध दुपारपर्यंत मूळच्या चवीचे राहत नाही. नऊनंतर पोहोचणाऱ्याला रिकामी पातेली आणि उरलेसुरले पदार्थच मिळण्याची शक्यता अधिक.

नोम पेन्हमधील 1937 साली उभारलेले, पिवळ्या घुमटाचे प्सार थ्मे पाहण्यासारखे आहेच, पण खाण्यासाठी रोजच्या गिऱ्हाइकांचे प्सार ओरुसे अधिक बरे. सिएम रीपमध्ये पर्यटकांच्या वस्तीतील प्सार चासपेक्षा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 वरचे प्सार ल्यू निवडावे. सोबत पाचशे, एक हजार आणि दोन हजार रियलच्या नोटा ठेवाव्यात. साधारण चार हजार रियलना एक डॉलर धरतात आणि सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने मोठी डॉलरची नोट पुढे केली, तर विक्रेतीची अडचण होते. भाव विचारताना ‘थ्लाय पोनमान?’ म्हणावे आणि विक्रेती मध्यमवयीन असेल तर तिला ‘मिंग’ अशी हाक मारावी. आपल्या ‘मावशी’ला जी जागा, तीच या शब्दाला आहे.

चाखण्याचा क्रम मी आग्रहाने सांगेन : आधी पानात बांधलेले कोरडे पदार्थ, मग वाफवलेल्या वड्या आणि शेवटी वाटीतील पातळ पदार्थ. नारळाच्या दुधाचा थर एकदा जिभेवर बसला की त्यानंतर पानाचा, तांदळाचा आणि ताडगुळाचा नाजूक गंध कळत नाही.

पानातील पदार्थांत पहिला मान नोम आन्सॉमचा. चिकट तांदूळ केळीच्या पानात गुंडाळून, घट्ट बांधून तासन्‌तास उकडतात. ‘आन्सॉम चेक’मध्ये केळे असते आणि शिजून शिजून ते लालसर होते, ‘आन्सॉम च्रूक’मध्ये मात्र डुकराचे मांस आणि मुगाची डाळ असते. बाहेरून दोन्ही सुरळ्या सारख्याच दिसू शकतात, म्हणून शाकाहारी माणसाने ‘चेक?’ असे स्पष्ट विचारून होकार आल्यावरच पान सोडावे. कोळशावर भाजलेले आन्सॉम चेक दिसले तर तेच घ्यावे, कारण करपलेल्या पानाचा वास आतल्या भाताला लागलेला असतो.

दुसरा पदार्थ नोम कोम. पानाची छोटी पिरॅमिडसारखी पुडी उलगडली की आत चिकट तांदळाच्या पिठाची मऊ पारी आणि तिच्यात ताडगुळात शिजवलेले ओले खोबरे असते. कधी तीळही असतात. उकडीच्या मोदकावर वाढलेल्या माणसाला हे सारण क्षणात ओळखू येते, पण पारी वेगळी : मोदकाची उकड दाताखाली सहज तुटते, ही ओढली की ताणली जाते. म्हणून मोठा घास न घेता कडेने लहान तुकडा घ्यावा. आन्सॉम आणि कोम यांचे ढीग पाहायचे असतील, तर सहल प्चुम बेनच्या सुमारास आखावी. पितरांसाठीचा हा पंधरवडा ख्मेर पंचांगातील ‘फोत्रबोत’ महिन्याच्या वद्य पक्षात येतो. हा महिना म्हणजे आपला भाद्रपद आणि ‘बेन’ म्हणजे संस्कृत ‘पिंड’. आपल्या पितृपक्षाच्याच दिवसांत तेथील बायका देवळात नेण्यासाठी नारळ-गुळाच्या पुड्या विकत घेत असतात, हे पाहताना मराठी माणसाला परकेपणा वाटणे अवघड आहे.

यानंतर ताडगुळाकडे लक्ष द्यावे. ख्मेरमध्ये त्याला ‘स्को थ्नाओत’ म्हणतात. ‘थ्नाओत’ म्हणजे ताड, आणि ‘स्को’ हा शब्द आपल्या ‘साखरे’प्रमाणे शर्करेच्याच कुळातला. कोरड्या ऋतूत ताडाचा रस उतरवून मोठ्या कढयांत लाकडाच्या जाळावर आटवतात, त्यामुळे चांगल्या ताडगुळाला धुराची हलकी छटा असते. काम्पोंग स्पेउ प्रांतातील ताडगुळाला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो ओळखायला शिकण्यासाठी नोम प्ले आय उत्तम. या पिठाच्या छोट्या गोळ्यांच्या पोटात ताडगुळाचा खडा असतो, उकळताना तो वितळतो आणि वर खोबऱ्याचा कीस लावतात. गोळी तोंडात घालून तोंड मिटूनच चावावी. मात्र ती नुकतीच पाण्यातून काढलेली असेल तर मिनिटभर थांबावे, कारण आतला पाक जीभ पोळण्याइतका गरम असतो.

वाफवलेल्या पदार्थांत ताडफळाचा पिवळा केक, म्हणजे नोम आकोर थ्नाओत, चुकवू नये. आपण कोवळे ताडगोळे खातो; येथे पिकलेल्या फळाचा तंतुमय गर काढून तो तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध यांत मिसळतात. वास प्रथम थोडा उग्र वाटतो, दुसऱ्या घासाला आवडू लागतो. सांगख्या लपोव हा भोपळा पोकळ करून त्यात अंडी, नारळाचे दूध आणि साखर भरून वाफवलेला पदार्थ आहे. अंडे न खाणाऱ्यांनी तो टाळावा. आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यावर होणारा नोम क्रोक बहुधा गोड नसतो आणि सोबतच्या चटणीत माशाचे पाणी असते.

आता वाटीकडे वळावे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांची रांग असते : एकात हिरव्या शेवेचे तुकडे, म्हणजे लोत, दुसऱ्यात साबुदाण्यातील केळी, तिसऱ्यात मूग किंवा चवळी, चौथ्यात चायना ग्रासची जेली. कडेच्या पातेल्यात दाटसर नारळाचे दूध असते आणि विक्रेती प्रत्येक वाटीवर शेवटी त्याची एक पळी सोडते. त्या दुधात मीठ असते. पहिल्या घासाला नवखा माणूस दचकतो, पण सारी गंमत त्या मिठात आहे, कारण त्याच्यामुळेच खालचा ताडगूळ उठून दिसतो. सगळे एकत्र ढवळण्याआधी चमच्याच्या टोकाने वरचे दूध, मग तळाचा गूळ आणि त्यानंतरच दोन्ही मिळून, असे तीन घास घ्यावेत. साबुदाण्यातील केळी खाताना गोव्याच्या मणगण्याची आठवण होते; तांदूळ, नारळ आणि गूळ असलेल्या किनाऱ्यांची जीभ सारखी घडली असावी. एकाच वाटीत चार पातेल्यांतले घालून देण्याची पद्धत आहे, परंतु पहिल्या दिवशी एका पातेल्याचेच मागावे. लोतमधील हिरव्या रंगाला चांगल्या गाड्यावर केवड्याच्या कुळातील पंदनाच्या पानाचा सुवास असतो. रंग भडक आणि वास शून्य असेल, तर पुढच्या गाड्याकडे जावे.

पोट सांभाळण्याचे नियम थोडे आहेत. ज्या गाड्यापाशी स्थानिक बायका डबा भरून नेत आहेत, तेथेच बसावे. दुधाचे पातेले झाकलेले असावे. आंबूस वास आला तर वाटी तशीच ठेवावी. बर्फ पोकळ नळकांड्यांच्या आकाराचा असेल तर तो कारखान्यातला असतो. लादीतून फोडलेला बर्फ टाळलेला बरा. निघताना ‘ऑकुन’ म्हणून आभार मानावेत. या शब्दाच्या शेवटी आपलाच ‘गुण’ आहे.

पुढचा प्रवास बसने असेल तर क्रोलानची नळी सोबत घ्यावी. बांबूत चिकट तांदूळ, चवळी आणि नारळाचे दूध भरून ती निखाऱ्यावर भाजतात. सिएम रीपहून पूर्वेकडे जाणाऱ्या महामार्ग 6 च्या कडेलाही ती मिळते. बहुधा करपलेली बाहेरची साल विक्रेतीने आधीच तासलेली असते. उरलेला पातळ बांबू केळ्याच्या सालीसारखा वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी सोलावा. त्याच्या आतला पांढरा पापुद्रा भाताला चिकटून येतो आणि घास हाताला न चिकटता खाता येतो.