फेरोसिमेंटचे छप्पर: कोठे घालावे, कसे घालावे

फेरोसिमेंटमध्ये खडी नसते. तारेच्या बारीक जाळ्यांच्या थरांत सिमेंट-वाळूचा माल दाबून भरला की तेच छप्पर होते. 1848 मध्ये फ्रान्सच्या लांबो यांनी याच रीतीने होडी केली होती. छताला साधारण 25 मिलिमीटर जाडी पुरते आणि चौरस मीटरला वजन सुमारे 60 किलो भरते. 10 सेंटिमीटरच्या आरसीसी स्लॅबचे तेच वजन 250 किलोपर्यंत जात असल्याने, भिंती किंवा पाया बेताचा असेल तेथे या छताचा विचार अवश्य करावा.

मात्र इतका पातळ पत्रा सपाट ठेवला तर वाकतो. त्याचे बळ आकारात असते. म्हणून तमिळनाडूतील ऑरोव्हिलमध्ये रूढ असलेल्या कमानदार पन्हळी, म्हणजे उलट्या नालीसारखे फेरोसिमेंटचे लांब तुकडे, साच्यावर ओतून, त्या भिंतीवर शेजारी शेजारी मांडणे हा घरासाठी सोयीचा मार्ग आहे. पन्हळीच्या दोन्ही खालच्या कडांत सळई घालावी. तिचा व्यास अभियंत्याने गाळा, म्हणजे दोन भिंतींमधील अंतर, पाहून ठरवावा.

खरी परीक्षा गवंड्याची. एक भाग सिमेंटला दोन भाग चाळलेली वाळू घ्यावी आणि 50 किलोच्या गोणीला पाणी 20 लिटरच्या आसपास ठेवावे. माल सरसरीत असला की गवंडी खूश होतो, पण छप्पर पुढे त्याची किंमत मोजते. माल वरून नुसता फासू नये, तर जाळीच्या प्रत्येक छिद्रातून आरपार दाबावा. वाळल्यावर थापीने ठोकून पाहावे, आणि बद्द आवाज आला तर तेथे पोकळी राहिली असे समजावे. जाळीवर 3 ते 5 मिलिमीटर मालाचे आवरण राहिलेच पाहिजे. त्यानंतर 14 दिवस ओली गोणपाटे टाकून ठेवावीत, आणि पाणी मारणे पुरे झाल्याशिवाय पन्हळ उचलू नये.

आवरण एवढे पातळ असल्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत जाळी लवकर गंजते. तेथे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणि वरून जलरोधक लेप दोन्ही हवेत, नाहीतर हा बेतच सोडावा. विदर्भातील उन्हात अडचण वेगळी: पातळ छप्पर दुपारी तापते, म्हणून त्यावर चुन्याची सफेदी किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर द्यावा. दोन पन्हळींमधील खाच काँक्रीटने भरताना घाई करू नये, कारण गळती बहुधा तेथूनच सुरू होते. पंख्याचे हूक आणि विजेच्या नळ्या ओतण्याआधीच बसवाव्यात. नंतर ड्रिल चालवले की नेमकी जाळी तुटते.