नट निर्माता होतो तेव्हा: या चुका टाळा

राज कपूर यांनी १९४८ साली आर. के. फिल्म्स काढली, पुढच्याच वर्षी देव आनंद आणि चेतन आनंद या भावांनी नवकेतन. तेव्हापासून चार पैसे गाठीला लागले की नटाला निर्माता व्हावंसं वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. पण पडद्यावर वीस वर्षं काढलेला माणूसही निर्मितीत नवखाच असतो, हे त्याच्या तोंडावर सांगायला सहसा कुणी धजावत नाही.

सगळ्यांत महागडी चूक हिशेबाच्या वहीत दिसतच नाही. 'माझंच पिक्चर, मी कशाला मानधन घेऊ?' म्हणत नट आपल्या नावापुढे शून्य लिहितो. बजेट हलकं दिसतं, सगळे खूश. मग भागीदार रोख रक्कम घेऊन येतो आणि वाटणी निम्मी-निम्मी ठरते. नफ्याची वेळ आली की नट म्हणतो, माझं मानधन धरा. भागीदार म्हणतो, हे ठरलं कधी होतं? उपाय सोपा आहे. बाहेरच्या निर्मात्याकडून जेवढं घेतलं असतं तेवढं मानधन खर्चात पूर्ण लिहा, समोर 'नंतर देय' अशी नोंद करा. आलेल्या पैशातून आधी गुंतवणूकदाराची मुद्दल, मग हे मानधन, मग नफा, हा क्रम करारातच घाला.

तारखांचंही तेच. बाहेरच्या बॅनरची चांगली भूमिका आली की नट आधी घरच्या पिक्चरच्या तारखा हलवतो. 'आपलंच तर आहे!' पण सेट उभा असतो, त्याचं भाडं चालू असतं. सहकलाकारांच्या तारखा एकदा हुकल्या की पुन्हा जुळायला महिने जातात. तोवर नायिकेचे केस कापलेले असतात आणि कंटिन्युइटीची, म्हणजे एका दृश्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या सलगतेची, बोंब होते. स्वतःच्याच कंपनीबरोबर करार करणं विचित्र वाटतं खरं, पण तो कराच आणि तारखा त्यात लिहा.

दुसरी चूक चेहऱ्याची. निर्माता प्रत्येक फ्रेममध्ये असलाच पाहिजे असं नाही. महेश कोठारे 'धुमधडाका'मध्ये (१९८५) निर्माता, दिग्दर्शक आणि नायकांपैकी एक होते, पण हशे त्यांनी अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर यांच्या वाट्याला येऊ दिले. रितेश देशमुखने मराठीत निर्मितीची सुरुवात 'बालक पालक'ने (२०१३) केली, तीही मुलांच्या खांद्यावर पिक्चर सोपवून. उलट देव आनंद पाहा. 'बाजी' (१९५१) गुरुदत्तकडे आणि 'गाइड' (१९६५) विजय आनंदकडे देणारा हा निर्माता 'प्रेम पुजारी'पासून (१९७०) स्वतःच दिग्दर्शक झाला. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) चाललं, पण शेवटच्या दोन-अडीच दशकांतली पिक्चर्स बघताना 'देवसाब, हे जमत नाही' म्हणणारं सेटवर कुणी उरलं नव्हतं की काय, असं वाटत राहतं. एडिट टेबलवर शेवटचा शब्द कुणाचा, हे शूटिंगच्या आधी ठरवा, आणि तो माणूस तुमच्या भावकीतला नसावा.

अमिताभ बच्चन यांच्या एबीसीएलचं (अमिताभ बच्चन कॉर्पोरेशन लिमिटेड) उदाहरण सगळे देतात, पण बहुतेक जण त्यातून 'निर्मितीच नको' एवढंच शिकतात. १९९५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी चित्रपट, संगीत, वितरण, टीव्ही, इव्हेंट अशा सगळ्यांत एकदम उतरली आणि १९९६ ची बेंगळुरूची मिस वर्ल्ड स्पर्धाही अंगावर घेतली. कर्ज सुमारे ९० कोटींचं झालं, पैसे मागणारे दारात येत, हे बच्चन यांनीच पुढे सांगितलं. ते बाहेर पडले ते अभिनयाकडे आणि २००० साली 'कौन बनेगा करोडपती'कडे वळून. एका वेळी एकच पिक्चर करणाऱ्यावर इतकी पाळी क्वचित येते. आणि कंपनी 'लिमिटेड' आहे, तिचं कर्ज आपल्या अंगावर येणार नाही, या भरवशावर राहू नका: बँकेच्या कागदावर वैयक्तिक हमीची सही केलीत की राहतं घरही पणाला लागतं.

आता हक्क. इथे नट सर्वांत बेसावध असतो, कारण आजवर कागद त्याच्यापुढे तयार होऊन येत होते. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) चित्रपटाचा कर्ता ('ऑथर') म्हणजे निर्माता. पण कथा तुमच्याकडे लेखी आलेलीच नसेल तर त्या कर्तेपणाला अर्थ काय? लेखकाशी चहावर बोलणं झालं, थोडे पैसे दिले, व्हॉट्सॲपवर 'डन' आलं, एवढ्यावर पिक्चर सुरू करणारे आजही आहेत. कलम १९ नीट वाचा. हक्क-हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करारात वेगळं म्हटलं नसेल आणि वर्षभरात तुम्ही ते हक्क वापरलेच नाहीत, तर हस्तांतरण रद्द समजलं जातं. म्हणजे नटाने बाहेरच्या कामासाठी घरचं पिक्चर दीड वर्ष लांबवलं, तर कथा गुपचूप लेखकाकडे परत गेलेली असू शकते! लेखक संघटनेकडची नोंदणी कथा कधी लिहिली याचा पुरावा देते, मालकी बदलत नाही. ओटीटीवाले पिक्चर विकत घेताना कथेपासून शेवटच्या गाण्यापर्यंत हक्कांची अखंड साखळी कागदावर मागतात. २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकारांची रॉयल्टीही करारात लिहून काढून घेता येत नाही, तेव्हा 'सगळे हक्क कायमचे आमचे' या एका ओळीवर विसंबू नका.

प्रसिद्धीचा पैसा शूटिंगमध्ये संपवणं ही जुनीच खोड. तो वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला हात लावू नका. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापला की पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरा, तो पैसा तुमचा नाही.

आधीच अडकला असाल तर? पिक्चर बहुधा डीआय (चित्रांचे रंग ठीक करण्याचं काम) किंवा साउंडच्या स्टुडिओत थकबाकीपोटी पडलेलं असतं. आणखी एक कर्ज काढण्याआधी कुणाचं किती देणं आहे याची यादी करा. कामगारांची बाकी आधी भागवा, कारण त्यांच्या संघटनेचं पत्र आलं की प्रदर्शनच अडतं. स्टुडिओला हप्ते लेखी बांधून द्या, हार्ड डिस्कची एक प्रत स्वतःकडे घ्या. मग वितरकाला भेटा, आणि त्या बैठकीला मॅनेजरला पाठवू नका, स्वतः जा.