लंबगोल फ्रेममध्ये जुना फोटो कसा बसवायचा

सगळ्यात आधी हे, की मूळ फोटो कापायचा नाही. घरात आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला एकच फोटो असतो, माळ्यावर सागवानी लंबगोल फ्रेम सापडते, आणि कुणीतरी उत्साहात कात्री घेतं. चारी कोपरे गेले की खाली छापलेलं स्टुडिओचं नाव जातं, मागे पेनाने लिहिलेली तारीख अर्धी जाते, आणि ते परत कुठून आणणार? म्हणून मूळ फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांवर, स्कॅन करा (पासपोर्टएवढा छोटा असेल तर १२००), तो पाकिटात घालून कपाटात ठेवा आणि कात्री फक्त प्रिंटवर चालवा.

पण प्रिंट काढायच्या आधी माप. इथेच बहुतेकांचं बिघडतं, कारण समोरून टेप लावून दिसतं तेवढंच मोजतात. लाकडाच्या आत काच बसायला खाच असते आणि फोटो त्या खाचेपर्यंत जायला हवा. समजा समोरून २० बाय २५ सेंमी दिसतंय आणि खाच चहूकडून अर्धा सेंमी आहे, म्हणजे फोटो साधारण २१ बाय २६ लागणार. ८ बाय १० इंचाची प्रिंट भरते २०.३ बाय २५.४, म्हणजे कमीच पडते, आणि स्टुडिओवाला मात्र सवयीने तीच काढून देतो. १० बाय १२ ची मागा, मॅट पेपरवर.

आकार घ्यायला फ्रेम जाड टॉवेलवर पालथी घाला, मागच्या बारीक चुका (छोटे खिळे) पकडीने हळू सरळ करून काढा, पुठ्ठा काढा, काच काढा. काच कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, हाच तुमचा साचा. हाताने घडवलेल्या जुन्या फ्रेम क्वचितच नेमक्या लंबगोल असतात, एक बाजू जराशी फुगलेली असते, त्यामुळे साच्यावर "वर" आणि "समोर" लिहाच, नाहीतर फोटो उलटा धरून कापला जातो आणि मग बसत नाही. काच फुटलेली असेल तर खाचेत कागद दाबून बोटाने घासून आकार घ्या. अगदीच नवीन लंबगोल काढायचा असेल तर दोऱ्याची युक्ती आहे: २० बाय २५ साठी २५ च्या रेषेवर मध्यापासून दोन्हीकडे ७.५ सेंमीवर टाचण्या, त्यांच्याभोवती ४० सेंमीचा बंद दोरा, आणि दोरा ताणून धरत पेन्सिल फिरवायची, बरोब्बर येतो.

आता चेहरा कुठे बसवायचा. साच्याएवढं भोक पाडलेला कागद प्रिंटवर ठेवून सरकवत बघा, घाई करू नका, हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. लंबगोल वरती निमुळता होतो, म्हणून डोक्यावर चौकोनी फ्रेमपेक्षा जास्त जागा सोडायची, पगडी किंवा फेटा असेल तर अजूनच. डोळे मधल्या रेषेच्या जरा वर आले की चेहरा छान दिसतो. एकाचा किंवा जोडप्याचा फोटो यात शोभतो, पण पाच-सहा जणांच्या ग्रुप फोटोत कडेची माणसं अर्धी कापली जातात, तेव्हा त्यासाठी चौकोनी फ्रेमच बरी.

कापताना लांब पात्याची कात्री घ्या आणि कात्री नाही, कागद फिरवा. आधी रेषेबाहेरून ढोबळ कापा, मग रेषेच्या मिलिमीटरभर आतून. दमट हवेत कागद फुगतो, घट्ट बसवलात तर पावसाळ्यात मधेच फुगवटा येतो. कड खाचेत लपते, त्यामुळे थोडी वाकडीतिकडी झाली तरी चालते.

फोटो काचेला टेकता कामा नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमटपणाने फोटोचा वरचा थर मऊ पडतो आणि काचेला चिकटतो, आणि ओढून काढला की चेहराच काचेवर राहतो. (आधीच चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.) मधे माउंटबोर्डची, म्हणजे फ्रेमिंगच्या जाड पुठ्ठ्याची, बारीक कडी कापून ठेवा, ती खाचेत लपते. जुन्या फ्रेमची फुगीर काच असेल तर मधला भाग आपोआप लांब राहतो, फक्त कडेला कडी लागते. ती काच मात्र जिवापाड जपा, तशी बाजारात सहज मिळत नाही.

मागे जुना पिवळा पुठ्ठा परत वापरू नका, त्यातल्या आम्लाने फोटोवर डाग येतात, अ‍ॅसिड-फ्री बोर्ड घ्या. फोटो बोर्डाला पूर्ण चिकटवायचा नाही, सेलोटेप तर नाहीच, वरच्या बाजूला कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावा आणि फोटो लोंबता राहू द्या. खळ पूर्ण वाळली की मगच बंद करा. चुका हातोडीने ठोकू नका, काच तडकते, पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळून दाबत आत सरकवा. सांध्यावर कागदी टेप लावायच्या आधी बोर्डाच्या मागे पेन्सिलने नावं, नातं, गाव लिहून ठेवा.

टांगायला वरती एकच कडी लावली तर फ्रेम कलंडत राहते, म्हणून वरून एक तृतीयांशावर दोन कड्या आणि मधे तार. पावसाने ओली होणारी भिंत आणि थेट ऊन टाळा, मागे खालच्या बाजूला फेल्टचे दोन तुकडे लावा म्हणजे हवा खेळते. आणि श्राद्धाच्या दिवशी काचेवर गंध-कुंकू लावता तेव्हा ओलं लावू नका, ओघळ खाली खाचेत उतरतो आणि तिथूनच फोटो खराब व्हायला लागतो.