गाडीतला चार्जिंगचा टॉर्च मे महिन्यात टिकवायचा तर

रावेरहून केळी भरून संभाजीनगरकडे निघालो की अजिंठ्याचा घाट रात्रीच लागतो. तिथे टायर बसला तर मोबाइल तोंडात धरून जॅक लावता येत नाही. म्हणून पिकअपमध्ये चार्जिंगचा टॉर्च हवाच. तळाला चुंबक असलेला घ्या, लोखंडी पत्र्याला चिकटवला की दोन्ही हात मोकळे.

घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. आत बहुधा १८६५० सेल असतो, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. त्यात ३,५०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) फार वर काही मावतच नाही. ‘९,९००’ छापलं असेल तर हसून परत द्या. हिशेब सोपा आहे: सेल २,६०० एमएएचचा आणि टॉर्च एक अँपिअर, म्हणजे १,००० मिलिअँपिअर ओढतोय, तर जेमतेम अडीच तास. मंद उजेडावर तोच कितीतरी जास्त चालतो, आणि नट शोधायला मंद उजेड भरपूर झाला.

खरा वैरी आपला जळगाव-भुसावळचा उन्हाळा. बाहेर ४५ अंश असताना बंद केबिनमध्ये त्याहून बरंच जास्त असतं. अशा तापात लिथियम सेल कायमचा कमजोर होतो. डॅशबोर्डवर टॉर्च ठेवूच नका. सीटखाली ठेवा, आणि गाडी दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर जेवणाच्या पिशवीत टाकून घरी न्या. तापलेला असताना चार्जिंगला लावायचा नाही.

पार शून्यावर नेऊ नका. नुसता पडून राहणार असेल तर अर्ध्याच्या थोडा वर भरून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी बघा. सेल फुगला तर वापर तिथेच बंद, आणि तो घंटागाडीत न टाकता ई-कचऱ्यात द्या.