उपासनेत नृत्य, ध्वज आणि मिरवणूक: तयारी कशी करावी

झावळ्यांच्या रविवारी मुले झावळ्या हलवत, होसान्ना म्हणत ख्रिस्तमंदिरात येतात, तेव्हा ती मिरवणूक कोणालाही परकी वाटत नाही. मात्र त्याच मंदिरात एखाद्या साध्या रविवारी कोणी ध्वज उचलला किंवा गीताबरोबर पावले टाकली, की पुष्कळांच्या मनात शंका येते. उपासनेचा कार्यक्रम तर होणार नाही ना, ही ती शंका आहे आणि ती रास्त आहे. नवी मुंबईतील आमच्या मंडळीत काही वर्षे हे काम केल्यानंतर मी एवढेच म्हणेन की, ज्या हालचालीमुळे बसलेल्या माणसाची प्रार्थना अधिक खोल होते ती ठेवावी आणि जिच्यामुळे तो प्रेक्षक होतो ती काढून टाकावी. पुढील सर्व सूचना याच कसोटीवर पारखून लिहिल्या आहेत.

सरावाला लागण्यापूर्वी पाळकसाहेबांशी आणि पंचांशी बोलून घ्यावे, आणि शक्य असल्यास त्याआधीच्या एखाद्या रविवारी या विषयावर वचनातून शिक्षण व्हावे. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामेने डफ हाती घेतला व स्त्रिया तिच्यामागे नाचत निघाल्या, दाविदाने कराराच्या कोशापुढे नृत्य केले, १५०वे स्तोत्र डफ व नृत्य यांनी देवाची स्तुती करण्यास सांगते, आणि मोशेने वेदी बांधून तिला ‘याव्हे-निस्सी’, म्हणजे परमेश्वर माझा ध्वज, असे नाव दिले. हे सर्व मंडळीने ऐकलेले असते, पण एकत्र जोडून पाहिलेले नसते. त्याचबरोबर करिंथच्या मंडळीला पौलाने शिस्तीविषयी जे लिहिले, तेही तितक्याच आदराने वाचावे. कॅथलिक बांधवांनी मिस्सेतील प्रत्येक गोष्टीसाठी धर्मगुरूंची अनुमती घ्यावी. भारतातील उपासनेसाठी १९६९ साली मान्य झालेल्या भारतीय रीतीच्या १२ बाबींत आरतीचा समावेश आहे, त्यामुळे दीप, धूप आणि पुष्पे घेऊन संथपणे वेदीकडे जाणे ही तेथे उत्तम सुरुवात ठरते.

नृत्यासाठी एकच गीत निवडावे, आणि ते मंडळीला पाठ असलेले असावे. पहिल्या सरावाला वाद्ये नकोत. सर्वांनी गोल बसून गीताचे शब्द मोठ्याने वाचावेत, त्यातील क्रियापदांवर खूण करावी आणि ‘येतो’, ‘वाकतो’, ‘उचलतो’, ‘अर्पितो’ यांपैकी जे शब्द असतील त्यांनाच हालचाल द्यावी. एका कडव्याला एक मुद्रा पुरते. चित्रपटातील नृत्याची पावले मुलांच्या अंगवळणी पडलेली असतात, तीच इथे पुढे येतात, म्हणून सुरुवातीलाच त्यांना आपल्या मातीतील पावले द्यावीत. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाचा जो ठेवा आपल्याला दिला, त्याच्या ठेक्यावर साधी पावली सहज बसते: दोन पावले पुढे, एक मागे, टाळ छातीशी. लेझीमही आपलीच आहे, परंतु तिचा खळखळाट बंद सभागृहात गीताचे शब्द गिळून टाकतो. ती अंगणातील मिरवणुकीसाठी राखून ठेवावी. ध्रुपदाच्या वेळी नाचणाऱ्यांनी थांबून मंडळीकडे वळावे आणि सर्वांनी मिळून केवळ तळहात वर उघडावेत. आमच्याकडे दुसऱ्या रांगेत बसणाऱ्या एक आजी गुडघ्यांमुळे उभ्या राहू शकत नाहीत. त्यांनी मांडीवरचे दोन्ही हात उलटून सावकाश उघडले, त्या क्षणी त्या नृत्यात सामील झाल्या होत्या, आणि ते पाहून माझी स्वतःची प्रार्थना बदलली.

पोशाख साधा, सैल आणि एकरंगी असावा. वाकताना किंवा हात वर करताना कोणालाही कपडे सावरावे लागू नयेत, हे सरावातच पाहून घ्यावे. गुळगुळीत लादीवर मोजे घालू नयेत, अनवाणी पाय सुरक्षित राहतात.

ध्वजाचे काम अधिक वेळ मागते, आणि ते महिला मंडळाच्या हाती सोपवल्यास फार सुंदर होते. छापील फ्लेक्स स्वस्त पडतो, परंतु त्याची चमक दिव्यांखाली डोळ्यांना खुपते आणि तो पाहून निवडणुकीची आठवण होते. म्हणून कापडच घ्यावे. ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा उल्हासनगरला साटीन आणि पॉपलिन दोन्ही सहज मिळते. टांगण्याच्या ध्वजासाठी जाड पॉपलिन, ३ फूट रुंद व ६ फूट लांब, हे माप बहुतेक सभागृहांना पुरते. वर ३ इंचांचा नेफा शिवून त्यात नळी घालावी आणि खालीही नेफा ठेवून त्यात बारीक काठी सरकवावी, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने कापड गुंडाळले जात नाही. फिरवण्याच्या झेंड्यासाठी हलके साटीन घेऊन कडांना पिको करून घ्यावा. अक्षरे वेगळ्या कापडातून, मागे बकरम लावून कापावीत. देवनागरीची सोय अशी की शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो. मात्र जोडाक्षरांच्या अरुंद जागा उसवतात, तेथे झिगझॅग शिलाई दाट घालावी. सभागृह ४० फूट लांब असेल तर अक्षराची उंची ५ इंचांहून कमी नको, आणि एका ध्वजावर तीनपेक्षा अधिक शब्द नकोत. रंग उपासनेच्या काळाप्रमाणे निवडावेत: नाताळपूर्वीचा आगमनकाळ व पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचा उपवासकाळ यांत जांभळा, नाताळ व पुनरुत्थानाला पांढरा, पुनरुत्थानानंतरच्या पन्नासाव्या दिवसाला (पेंटेकॉस्ट) लाल, इतर वेळी हिरवा. ध्वज घडी घालून ठेवल्यास रेघा पडतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते, त्यामुळे जुन्या सुती साडीत गुंडाळून आडवे ठेवावेत.

एक चूक माझ्याकडून झाली, ती इतरांकडून होऊ नये म्हणून सांगतो. आम्ही उपासनेसाठी एका शाळेचे सभागृह भाड्याने घेत होतो आणि मी मुलींच्या हाती ४ फुटी काठ्यांचे झेंडे दिले होते. सराव पटांगणात झाला होता. उपासनेत दुसऱ्याच कडव्याला साटीनचे टोक छताच्या पंख्यात अडकले, काठी हातातून निसटली आणि पुढच्या रांगेतील एका लहान मुलाच्या खांद्याला लागली. इजा किरकोळ होती, पण ती माझ्या निष्काळजीपणामुळे झाली होती. ५ फूट उंचीच्या मुलीने हात वर करून ४ फुटी काठी धरली की टोक १० फुटांच्या वर जाते, हा साधा हिशेब मी केला नव्हता. आता आम्ही सभागृहात २ फुटी हलकी नळी वापरतो, टोकाला रबरी बूच बसवतो, त्या गीतापुरते पंखे बंद ठेवतो आणि शेवटचा सराव प्रत्यक्ष जागेतच करतो.

मिरवणुकीत पुढे क्रूस, मग पवित्र शास्त्र, नंतर ध्वज, मुले आणि शेवटी पाळक असा क्रम ठेवल्यास कोणामागे जायचे ते कळते. चाल सर्वांत लहान मुलाची असावी. रस्त्यावर निघायचे असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आधीच घ्यावी. ध्वनिवर्धकाची परवानगी वेगळी असते, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते, म्हणून त्या टप्प्यात गाणे थांबवून मूकपणे चालावे. आतल्या रुग्णांसाठी तेवढा वेळ प्रार्थना करता येते.

उपवासकाळात नृत्य नको आणि जांभळ्या ध्वजाखेरीज सर्व काही उतरवून ठेवावे. शुभ शुक्रवारी भिंत पूर्ण मोकळी असू द्यावी. पुनरुत्थानाच्या पहाटे पांढरा ध्वज गुंडाळलेल्या स्थितीत वर बांधून ठेवावा, आणि ‘प्रभू उठला आहे’ या घोषणेला मंडळीने ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर दिले की खालून दोरी ओढावी. ती सुरगाठच असावी, आणि आदल्या रात्री दोनदा ओढून पाहावी.