घरातली बंदूक तिजोरी: विकत घेण्याआधीपासून बोल्ट कसेपर्यंतची तयारी

तयारी सुरू करायची ती घरातून, हातात मोजपट्टी घेऊन. बरेच जण आधी तिजोरी पसंत करतात आणि ती कुठे मावेल याचा विचार मग करतात. त्यामुळे ती शेवटी गाडीच्या शेडमध्ये नाहीतर जिन्याखाली जाऊन बसते, म्हणजे चोराला सगळ्यात सोयीच्या जागी. माझं ठाम मत आहे की मध्यम दर्जाची तिजोरी योग्य कोपऱ्यात जमिनीला जखडलेली असेल, तर ती नुसत्या उभ्या ठेवलेल्या महागड्या तिजोरीपेक्षा जास्त राखण करते. पुढची सगळी यादी या एका गोष्टीभोवती फिरते.

सगळ्यात आधी तुमच्या परवान्याच्या अटी नीट वाचून काढा. काही देशांत कपाटाचा दर्जा ठरवून दिलेला असतो, काही ठिकाणी काडतुसं वेगळ्या कुलुपात ठेवणं बंधनकारक असतं, तर काही ठिकाणी अधिकारी घरी येऊन पाहणी करतात. हे नंतर कळलं तर तिजोरी बदलायची वेळ येते.

मग आत काय जाणार आहे ते कागदावर लिहा. प्रत्येक बंदुकीची दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. लांब नळीच्या शॉटगन सव्वा मीटरपर्यंत जातात आणि आतल्या फळीमुळे उंची कमी पडते, हे हमखास विसरलं जातं. जाहिरातीत "24 बंदुकांची तिजोरी" लिहिलेलं असेल तर मनात 12 धरा. तो आकडा दुर्बीण नसलेल्या, सडपातळ बंदुका एकमेकींना खेटून उभ्या केल्यावरचा असतो. दुर्बिणी, बोल्टच्या मुठी आणि पट्टे आले की जागा निम्मी होते. परवाना, खरेदीच्या पावत्या, घराची कागदपत्रं, दागिने हेही आत ठेवणार असाल तर त्यांच्यासाठी फळी लागेल. तेवढी जागा आत्ताच धरा.

आता जागा. इथे घाई करू नका. तळमजला, बाहेरच्या भिंतींचा कोपरा आणि खाली काँक्रीट, असं जुळून आलं तर उत्तम. वरच्या मजल्यावरची लाकडी जमीन आगीत जळाली की तिजोरी खाली कोसळते, आणि इतक्या उंचीवरून पडल्यावर दाराची फट तशीच घट्ट राहील याची खात्री कोणी देत नाही. तळघरात उष्णता कमी पोचते हे खरं आहे, कारण आग वर चढते. पण जळकं छप्पर आणि फर्निचर तिथेच येऊन पडतं, निखारे तिथेच तासन्‌तास धगधगतात, आणि आग विझवताना मारलेलं पाणीही तिथेच साचतं. पूर येणाऱ्या भागात तर तळघराचा विचारही करू नका. स्वयंपाकघर, गॅसची टाकी, इंधनाचे डबे आणि रंग-थिनर यांच्यापासून लांब राहा. गाडीची शेड मला तिन्ही कारणांनी नकोशी वाटते: दार उघडं राहिलं की रस्त्यावरून तिजोरी दिसते, चोराला लागणारी हत्यारं भिंतीवर टांगलेली असतात, आणि हवा दमट असते.

वजनाचा हिशोब करा. घरातल्या खोल्या साधारणपणे चौरस मीटरला 150 ते 200 किलो भार धरून बांधलेल्या असतात. पाऊण मीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल तिजोरीचा तळ अर्धा चौरस मीटरसुद्धा भरत नाही, आणि भरल्यावर ती 350 किलोच्या पुढे सहज जाते. भार आजूबाजूला वाटला जातो, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही. पण लाकडी जमीन असेल किंवा वरचा मजला असेल तर वजन पेलणाऱ्या भिंतीलगत, वाशांना आडवी बसेल अशी जागा निवडा आणि एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या.

कोपरा ठरवताना दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघा. चोराचं आवडतं हत्यार म्हणजे लांब पहार. ती तो बिजागरीच्या विरुद्ध बाजूच्या फटीत घालतो आणि सगळं वजन टाकून रेटतो. ती उघडणारी बाजू भिंतीला जवळजवळ चिकटून असेल तर पहार फिरवायला जागाच उरत नाही. दार मात्र पूर्ण उघडायला हवं, नाहीतर आतल्या फळ्या नि खण बाहेर निघत नाहीत. तेव्हा पुठ्ठ्याचा तिजोरीएवढा तुकडा कापून जमिनीवर ठेवा आणि दाराचा घेर खडूने आखा. लहान मुलांच्या खेळण्याची, पाहुण्यांच्या वावराची किंवा खिडकीतून दिसणारी जागा असेल तर ती सोडून द्या.

चोरीपासूनच्या बचावासाठी पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. गेजमध्ये सांगितली तर लक्षात ठेवा की आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ: 14 गेज म्हणजे जेमतेम 1.9 मिलिमीटर, 12 गेज म्हणजे सुमारे 2.7, आणि 10 गेज म्हणजे सुमारे 3.4. पातळ पत्रा ग्राइंडरने काही मिनिटांत कापला जातो, कुऱ्हाडीनेही फुटतो. दाराची जाडी ऐकून हुरळून जाऊ नका, कारण त्या जाडीत बरीचशी आग अडवणाऱ्या बोर्डाची असते. दाराचं पोलाद किती आणि बाजूंचं किती, हे वेगवेगळं विचारा. बोल्ट किती आहेत यापेक्षा ते ज्या चौकटीत जातात ती चौकट किती दणकट आहे हे महत्त्वाचं. बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्या कापल्या तरी चालतं, फक्त त्या बाजूलाही दाराला आतून पकडणारी पट्टी किंवा बोल्ट असायला हवेत.

चाचणीचा शिक्का कुठला आहे ते नीट वाचा. अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेच्या 1037 मानकाची निवासी पातळी, म्हणजे आरएससी, तिच्या पहिल्या टप्प्यात एक माणूस हातोडी, स्क्रूड्रायव्हर, पहार अशा हातहत्यारांनी 5 मिनिटं प्रयत्न करतो, आणि तेवढ्यात दार उघडता कामा नये. 5 मिनिटं ऐकायला कमी वाटतात, पण ती प्रत्यक्ष हत्यार चालवण्याची आहेत आणि करणाऱ्याला रचना माहीत असते. त्याच्या बऱ्याच वर टीएल-15 आणि टीएल-30 येतात. त्यांत यांत्रिक हत्यारांसमोर अनुक्रमे 15 आणि 30 मिनिटं टिकावं लागतं. युरोपात ईएन 14450 मध्ये एस1 आणि एस2 असे दोन दर्जे आहेत, आणि त्याहून भक्कम तिजोऱ्यांसाठी ईएन 1143-1 च्या श्रेणी शून्यापासून सुरू होतात. याच मानकाची एक अट मला फार बोलकी वाटते: 1000 किलोपेक्षा हलकी तिजोरी असेल तर तिला जखडायची सोय हवीच. "ही 300 किलोची आहे, कोण उचलणार?" असं म्हणणाऱ्याला हे सांगावं. ती उचलायची गरजच नसते. आडवी पाडली की पहारीला हवा तेवढा जोर मिळतो, आणि हातगाडीवर चढवली की ती निवांत जागी नेऊन फोडता येते.

आगीचा शिक्का आणखी काळजीने वाचा. "60 मिनिटं" या आकड्याला एकट्याने काही अर्थ नसतो. किती तापमानाला, किती वेगाने तापवलेल्या भट्टीत, आणि आतलं तापमान किती झाल्यावर ती नापास ठरली, हे तिन्ही विचारा. प्रमाणित आयएसओ 834 वक्रानुसार भट्टी 5 मिनिटांत 576 अंश सेल्सिअस, अर्ध्या तासात 842 आणि तासाभरात 945 अंशांवर जाते. उत्पादकाच्या स्वतःच्या चाचणीत 650 अंशांवर थांबलेली भट्टी असेल तर तो वेगळाच खेळ आहे. यूएल 72 च्या क्लास 350 मध्ये आतलं तापमान 350 फॅरनहाइट, म्हणजे 177 सेल्सिअसच्या खाली राहावं लागतं. तेवढ्यात कागद तगतो, आणि पोलादाच्या कडकपणालाही धक्का लागत नाही. दुर्बिणीतली सीलं, बॅटऱ्या, हार्ड डिस्क यांना मात्र ती हमी लागू नाही. जुन्या चुंबकीय डिस्कसाठी असलेल्या वर्गाची मर्यादा 52 अंश आहे, यावरून अंदाज यावा.

ही उष्णता अडवतं कोण? बहुतेक तिजोऱ्यांत जिप्सम बोर्ड. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे 21 टक्के पाणी स्फटिकांत बांधलेलं असतं. ते तापलं की पाण्याची वाफ होते आणि ती होताना उष्णता खाल्ली जाते. म्हणून बोर्ड किती थर आहे, तो बाजूंना, वर आणि दारातही आहे का, कोपऱ्यांत फटी राहिल्यात का, हे टॉर्च लावून पाहा. दाराच्या काठाला फुगणारी पट्टी असते, ती तापल्यावर अनेकपट फुगून फट बुजवते. तिचा एखादा तुकडा निघालेला असेल तर ती तिजोरी घेऊ नका. वायरसाठी ठेवलेलं भोक वापरणार नसाल तर आगरोधक पुट्टीने बंद करा. आणि एक समज काढून टाका: आगीला चांगली म्हणजे चोरीलाही चांगली, असं नसतं. पातळ पत्रा आणि भरपूर बोर्ड असलेली पेटी आगीत टिकेल, पण पहारीसमोर नाही.

कुलूप कुठलं घ्यावं यावर लोक तावातावाने बोलतात, मी थोडक्यात सांगतो. फिरवायची यांत्रिक चकती सावकाश उघडते, पण तिला बॅटरी लागत नाही. बटणांचं इलेक्ट्रॉनिक कुलूप जलद उघडतं, फक्त त्याची बॅटरी दरवर्षी ठरलेल्या तारखेला बदला. बोटाच्या ठशावरच सगळी भिस्त ठेवू नका, कारण ओलं किंवा कापलेलं बोट ओळखलं जाईलच असं नाही. कुलूप कुठलंही असलं तरी कारखान्यातून आलेला क्रमांक पहिल्याच दिवशी बदला. नवीन क्रमांक दार उघडं ठेवून तीनदा लावून पाहा, मगच दार बंद करा. जन्मतारीख, गाडीचा नंबर, लग्नाची तारीख नकोत. घरातली मुलं हे सगळं जाणतात. आणीबाणीची किल्ली कपाटाच्या खणात ठेवली तर तिजोरीचा उपयोग संपला. मुलांना किल्ल्यांच्या जागा आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त माहीत असतात. घरात कोणी फार निराश, खचलेलं असेल, तर त्या काळापुरता क्रमांक बदला आणि बंदुका शक्य असेल तर घराबाहेर कायदेशीर ताब्यात द्या. अशा वेळी मध्ये पडलेली काही मिनिटंसुद्धा जीव वाचवतात.

तिजोरी येण्याच्या दिवसाआधी लिफ्ट किती वजन पेलते ते पाहा आणि वाटेतले दरवाजे, जिन्याची वळणं मोजून घ्या. हँडल बाहेर किती येतं तेही त्यात धरा. शक्य असेल तर साध्या, छाप नसलेल्या वेष्टनात आणि बंद गाडीतून मागवा. रिकामं खोकं घराबाहेर ठेवू नका, फाडून आतच राहू द्या.

जखडताना तळाच्या चारही भोकांतून काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट घाला. लाकडी जमीन असेल तर जाड लॅग स्क्रू थेट वाशांत गेले पाहिजेत, नुसत्या फळीला धरून उपयोग नाही. ड्रिल लावण्याआधी खाली पाण्याचे नळ, गरम पाण्याच्या नळ्या किंवा विजेच्या तारा नाहीत ना, ते तपासा. स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल तर अनुभवी माणसाशिवाय हात लावू नका. त्यातली ताणलेली तार तुटली तर माणूसही जखमी होतो आणि बांधकामही कमकुवत होतं. काँक्रीट आणि तळ यांच्यामध्ये रबराचे तुकडे ठेवा, कारण काँक्रीटमधून ओल वर येते आणि तळ गंजायला लागतो.

दमटपणाची व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी, कारण बंद पेटीत आणि जिप्सम शेजारी असताना ओल अडकते. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा 50 टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. सिलिका जेल असेल तर ते वेळोवेळी सुकवावं लागतं. विजेवर किंचित गरम होणारी कांडी असेल तर ती खाली बसवा, म्हणजे उबदार हवा वर फिरते. चामड्याच्या किंवा कापडी गवसणीत बंदूक वर्षभर ठेवू नका. ती ओल धरून ठेवते.

बंदुका रिकाम्या करूनच आत ठेवा. नळीत भरलेलं काडतूस आगीच्या उष्णतेने आपोआप सुटतं आणि गोळी खरोखरच्या वेगाने निघते, समोर अग्निशमन दलाचा माणूस असू शकतो. सुटं काडतूस मात्र फुटतं, तुकडे उडवतं, पण नळीतल्या गोळीसारखं दूर जात नाही. तरीही काडतुसं वेगळ्या कुलुपात ठेवा. घरी स्वतः काडतुसं बनवणाऱ्यांनी बंदुकीची दारू तिजोरीत अजिबात ठेवू नये. घट्ट पोलादी पेटीत ती पेटली की वायूला बाहेर पडायला वाट नसते आणि पेटीच स्फोटक बनते.

शेवटी कागदपत्रं. प्रत्येक बंदुकीचा अनुक्रमांक, दोन बाजूंचे फोटो आणि पावतीची प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवा. एकुलती एक यादी तिजोरीतच असेल तर चोरी झाल्यावर पोलिसांना काय देणार? कायद्याने ज्याला तिजोरी उघडायचा हक्क आहे अशा एका विश्वासू माणसाला तिचा क्रमांक कुठे मिळेल ते सांगून ठेवा.

आग लागून गेलीच तर तिजोरी लगेच उघडायची नाही, हेही आजच घरात सर्वांना सांगा. आत साठलेली उष्णता आणि बाहेरून घुसलेला प्राणवायू यांनी तगलेले कागद दार उघडताच पेटू शकतात. किमान एक दिवस थांबा, बाहेरचा पत्रा हाताला पूर्ण थंड लागू द्या. मग उघडल्याबरोबर बंदुका बाहेर काढा, पुसा आणि तेल लावा, कारण जिप्सममधून निघालेली वाफ आतच थंड होऊन पोलादावर बसलेली असते आणि गंज काही तासांत धरतो. त्यानंतर प्रत्येक बंदूक जाणकार कारागिराने तपासल्याशिवाय तिच्यात काडतूस भरू नका.